ताराबाईंच्या वाट्याचे बोंबील

१ फेब्रु., रवि.
शेजारच्या नलूने माझ्यासाठी स्थळ आणलंय. एकोणसाठाव्या वर्षी! "दात काय काढतेस, माणूस सरळ आहे," म्हणाली. जनार्दन घरत, वय बासष्ट. न्हावा शेव्याला वजनकाट्यावर होते, आता रिटायर. गाव उरणच्या बाजूला. बायको ताराबाई तीन वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही.
नलूकडेच चहा झाला. बोलणं बेताचं. उठताना म्हणाले, "चाय पिऊन मानूस कलत नाय. येक दिवस आमची बाजू बघा, मंग हो का नाय ते सांगा."
रात्री मनूचा पुण्याहून फोन. "आई, तुझं तू ठरव. पण ठरव. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली." लेक असून आईसारखी बोलते.
खरं सांगायचं तर हो म्हणायचं मनात आहे. संध्याकाळी घर खायला उठतं. हे नलूला सांगायचं नाही, नाहीतर उद्याच हार आणेल.

४ फेब्रु., बुध.
घरतांचा फोन. शुक्रवार ठरला. शुक्रवारच का? तर पंचमी! "तिथीची पाऊनपट केली का भरतीची येल येते. पाच पाऊन पावनेचार. दर्या भरलेला दाखवतो तुमाला."
शाळेत पाऊणकीच्या पाढ्यापायी छड्या खाल्ल्या. ती समुद्रासाठी असते, हे गुरुजींनी सांगितलं असतं तर पाठ केली असती.
साडी: नलू म्हणते जांभळी. म्हणजे मी आकाशी नेसणार.

६ फेब्रु., शुक्र.
साडेनऊला गाडी खाली हजर. मी पुढे बसले. मागे बसले असते तर ते ड्रायव्हर झाले असते.
गव्हाणफाट्यापुढे कंटेनरची रांग. पाऊण तास जागेवर. माणूस चिडला नाही, हॉर्न नाही. (आमचे "हे" असते तर खाली उतरून ट्रॅफिक पोलीस झाले असते.) कुठला कंटेनर भरलेला, कुठला रिकामा, हे नुसतं टायर बघून सांगत होते. मला एकही ओळखता आला नाही.
चिरनेर. आधी जंगल सत्याग्रहाच्या हुतात्म्यांच्या स्मारकापाशी. चपला काढून उभे राहिले, मीही. मग गणपती. केवढा तो! शेंदराने भरलेला. मी काय मागितलं ते इथेही लिहीत नाही.
डबा त्यांनीच आणलेला. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. स्वतः केलेलं. मीठ जरा पुढे, पण दोनदा घेतलं.
उरणच्या बाजारात एक कोळीण. लांबूनच ओळखीचं हसली. "भाऊ, वयनी नाय आली? पाय दुकतात का आजून?"
मला वाटलं, बाईला माहीत नसेल, आता सांगतील.
म्हणाले, "घरी हाय. दुकतात पाय."
तिने बोंबलांचा वाटा बांधला, वर दोन जास्तीचे घातले. "हे वयनीला. सांग, मी दिलं." मग माझ्याकडे बघून, "ही कोन?"
"पावनी हाय. पनवेलची."
गाडीत पिशवी आम्हा दोघांच्या मध्ये. मी खिडकीतून बाहेर बघत होते. काय बघितलं, आठवत नाही.
पिरवाडीला पोचलो. समुद्र खरोखर काठोकाठ, पावणेचारला. लांब जहाजं उभी. वारा छान. आणि मी आतून नुसती धुमसत. शेवटी विचारलंच, "तीन वर्षं तिला सांगितलं नाहीत?"
ते पाण्याकडे वळले. मग, "ती गेली त्या म्हयन्यात हिनं पयल्यांदा इचारलं. तोंडातून निगून गेलं, घरी हाय. मंग दर म्हयन्याला तेच. आता कसा सांगू? तितं येकाच जागी तिचे पाय आजून दुकतात."
मला फार वाईट वाटलं. राग गेला नाही तरी. दोन्ही एकदम होतं.
पनवेलला घराखाली सोडताना पिशवी माझ्या हातात दिली. "मी नाय खात हे. शेजारी देतो दर येली." घेतली. का घेतली कोण जाणे.

७ फेब्रु., शनि.
बोंबील तळले. दुसऱ्या बाईच्या नावाचे, तिच्यासाठी वर घातलेले दोन धरून सगळे मी खाल्ले. ताजे होते. रडत खाल्ले म्हणून चव गेली नाही.
नलू तीनदा येऊन गेली. "कसं झालं?" "समुद्र छान होता." "अगं, माणूस?" म्हटलं, डोकं दुखतंय.
मनातलं उत्तर: नाही. जिची बायको अजून घरी आहे, त्याच्या घरी मी कुठल्या दाराने जाऊ?
जिची नाही, ज्याची. म्हातारी झाले.

९ फेब्रु., सोम.
पाण्याच्या फिल्टरवाला. नवीन माणूस. "साहेब आहेत का?" मी दार अर्धं धरून, "आंघोळीला गेलेत."
दार लावलं आणि तशीच उभी राहिले.
नऊ वर्षं "हे" आंघोळच करतायत! गॅसवाला, कुरिअरवाला, मीटरवाला, सगळ्यांना तेच. इतका स्वच्छ माणूस अख्ख्या नवीन पनवेलमध्ये नसेल.
आधी हसले. मग खुर्चीत बसून मनसोक्त रडले.
माझं भीतीपोटी, एकटी बाई म्हणून. त्यांचं तसं नाही. असं दिवसभर स्वतःला समजावलं. पण खोटं कशाला? "आंघोळीला गेलेत" म्हटलं की क्षणभर आत बाथरूममध्ये पाणी सांडल्यासारखं वाटतं. आणि ते मला आवडतं.

११ फेब्रु., बुध.
घरतांचा फोन नाही. माणूस मागे लागणारा नाही. शेवटी मीच केला.
फिल्टरवाल्याचं सगळं सांगितलं. आंघोळीचंही. हसले नाहीत. म्हणाले, "किती वर्सं?" "नऊ." "मंग मी बरा. तीनच."
मग दोघंही हसलो. बरेच.
म्हटलं, "कोळणीला सांगून टाका. ती बिचारी दर महिन्याला फुकट बोंबील घालते." मग, "येकट्याला नाय जमनार. तुमी याल?"
उद्या एकादशी, तिच्याकडे गिऱ्हाईक नसेल, निवांत बोलता येईल, असं त्यांचं म्हणणं. साडेनऊला येतायत.
हो म्हटलं. फक्त उरणला यायला.
ती रडेल, ते रडतील. मग डोळे पुसून ती परत विचारणार, ही कोण? तेव्हा काय सांगणार, ते मी विचारलं नाही. त्यांनीही काढलं नाही. आणि फोन ठेवल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही.