बर्फाच्या कारखान्याचं दार

पापडी, वसई
१२ फेब्रुवारी २००१

सौ. थेरेसावहिनी यांना चंद्रहासचा सविनय नमस्कार.

तुम्ही सगळे खुशाल असाल अशी आशा करतो. सासूबाईंचा गुडघा काय म्हणतो? रिटाचा अभ्यास कसा चाललाय? (दहावीच्या मुलांना हा प्रश्न विचारू नये हे मला कळतं, पण पत्रात विचारला तर निदान तिला तोंड वाकडं करायला मोकळीक मिळते.) वाडीतल्या केळी यंदा बऱ्या असतील. आमच्याकडे वसुंधरा बरी आहे, मला सोडून सगळ्यांशी बोलते. पापडीहून वटारला एसटीने अर्ध्या तासात येता येतं, मग हा गृहस्थ पाकिटाला तिकीट का चिकटवतो, असं तुमच्या मनात येईल. तुमच्या ओटीवर येऊन पास्कलसमोर बसायची मला लाज वाटते, म्हणून.

पास्कल हिमाचलातून परत आल्यापासून मला ‘साहेब’ म्हणतो. तीस वर्षं त्याने मला चंद्या म्हटलं. रागावला की तुमच्या घरच्या बोलीत तो असं काही म्हणायचा, की त्याचा अर्थ मी कधी कोणाला विचारला नाही. परवा बाजारात भेटला आणि म्हणाला, “कसे आहात साहेब?” वहिनी, मला तिथे उभं राहवेना. हातातली भाजी तशीच टाकून घरी आलो (वसुंधरेच्या अबोल्याचं एक कारण तेही आहे). तो घरी काही सांगत नाही हे तुम्हीच मागे म्हणाला होतात, तेव्हा मीच सांगतो.

हर्षवर्धन टूरवाला तुमच्या ओळखीचा आहेच. मनालीच्या वर, जिथे लोक पायांना फळ्या बांधून बर्फावरून घसरतात आणि पुन्हा घसरायला मिळावं म्हणून वर चढतात, तिथे त्याने भागीदारीत जागा घेतली. आपली माणसं तिथे भाड्याच्या कोटात कुडकुडत उभी राहतात, त्यांना टेकायला, शेकायला, चहा प्यायला एक उबदार घर त्याला हवं होतं. ते काम माझ्याकडे आलं, कारण चिंचोटीला धबधब्यावर येणाऱ्यांसाठी मी शेड बांधली होती आणि तिच्यात आजवर कोणी भिजलेलं नाही. हर्षवर्धन म्हणाला, पाऊस काय अन् बर्फ काय, पडतो वरूनच. मला ते लगेच पटलं. लाकूडकामाला मी पास्कलला घेतलं, कारण दुसऱ्या कोणाचा विचारही मनात आला नाही.

आता बर्फ मी कधी पाहिलेला नव्हता. पाहिला होता तो मासळीवाल्यांना लाद्या पुरवणारा आपला बर्फाचा कारखाना. म्हणून ऐन मे महिन्यात कानटोपी घालून, वही घेऊन मी तीन दिवस तिथे जाऊन बसलो. (कोळणी टोपल्या खाली ठेवून मला बघत होत्या.) तिथल्या कोठीचं जाडजूड दार बाहेर उघडतं, हे मी टिपून घेतलं. ज्यांची हयात बर्फात गेली त्यांचं दार बाहेर उघडतं, तर आपलंही बाहेरच उघडायला हवं, असा निष्कर्ष मी काढला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. बाकी घर मात्र खरंच छान झालं हो. दुहेरी लाकडी भिंती, मध्ये भुसा, खिडक्या एवढ्याशा, मधोमध बुखारी, म्हणजे लाकडं जाळायची लोखंडी शेगडी, आणि भोवती बाक. छपराचा उतार मी सवयीने पुढे काढला, आपल्या पागोळ्या अंगणात पडतात तसा.

दारावर पास्कल एकोणीस दिवस खपला. देवदाराची फळी, तिच्यावर द्राक्षांचा वेल. बिजागऱ्या बसवायच्या दिवशी तो म्हणाला, “चंद्या, कारखान्यात बर्फ आत असतो. इथं तो बाहेर पडणार. दार आत उघडू दे.” शेंबड्या पोरालाही कळावी अशी गोष्ट. पण हर्षवर्धनचे भागीदार शेजारी उभे होते आणि नकाशावर माझी सही होती. “तू रंधा मार,” मी म्हणालो, “नकाशा मी वाचतो.” त्याने मुकाट्याने बिजागऱ्या बाहेरून ठोकल्या.

जानेवारीत उद्घाटन झालं. हर्षवर्धनच्या आई कृष्णाबाई धरून वसईची बावीस माणसं आत बसली आणि बर्फ पडू लागला. कृष्णाबाई म्हणाल्या, माहेरी आल्यासारखं वाटतंय. ते सुख मला तासभरही लाभलं नाही. छपरावर आठवडाभर साठलेला बर्फ माझ्या उतारावरून घसरला आणि दारापुढे ढीग होऊन बसला. दार चौघांनी ढकललं, मग दहांनी, पण ते तसूभर हललं नाही. ऊब इतकी राहिली होती की लोकांनी कोट काढले, मग स्वेटर, आणि कृष्णाबाई ताटलीने वारा घेऊ लागल्या. (बाहेर कमरेएवढा बर्फ, आणि आत उकाड्याने जीव हैराण.) खिडक्यांतून हाकेपलीकडे काही बाहेर जाईना, आणि हाक ऐकायला बाहेर कोणी नव्हतं. तीन तासांनी पास्कलने करवत काढली. बिजागऱ्या बाहेर, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. स्वतःच्या हातची द्राक्षं त्याने मधोमध कापली, भगदाडातून बाहेर गेला आणि पत्र्याच्या तुकड्याने बर्फ उपसून आम्हांला वाट करून दिली.

सगळे बाहेर आल्यावर हर्षवर्धनने विचारलं, दार असं उलटं कोणी बसवलं? कोणीतरी म्हणालं, सुताराने, अजून कोणी? पास्कलने माझ्याकडे पाहिलं, एकदाच. शेगडीच्या धुराने त्या वेळी माझा घसा इतका धरला होता की शब्द फुटेना.

आता वसईभर झालंय की पास्कलला साधं दार लावता येत नाही. तुमच्या चर्चच्या नव्या सभागृहाची अठरा दारं तो करणार होता. रविवारी समिती बसतेय आणि ते काम दुसऱ्याला जाणार असं ऐकतो. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही (वसुंधरा म्हणते, तरी ताटात काही उरत नाही). सासूबाईंना नमस्कार, रिटाला आशीर्वाद. पास्कलला काय लिहावं ते सुचत नाही.

आपला,
चंद्रहास

ता. क. धूर नव्हता. धुराडं उत्तम ओढत होतं आणि माझा घसाही ठणठणीत होता. मी गप्प बसलो.

आणखी ता. क. सोबतचं दुसरं पत्र समितीला आहे. दार बाहेर उघडायचं मी ठरवलं, पास्कलने आधीच बजावलं होतं, आणि मी त्याला चारचौघांत गप्प केलं, असं त्यात सहीनिशी लिहिलंय. रविवारी मिस्सा झाल्यावर ते फादरांच्या हाती द्या आणि पास्कलच्या देखत मोठ्याने वाचायला सांगा. मी येणार आहे.

शेवटचं. येणार आहे असं लिहिलं खरं, पण मी स्वतःला ओळखतो. फादर वाचायला लागले की काहीतरी निमित्त काढून मी उठेन. तेव्हा वहिनी, तुमच्याकडे मागणं एवढंच. त्या दिवशी माझ्या शेजारी बसा, आणि मी उठू लागलो तर दंडाला धरून खाली बसवा.