डाव्या गालावरचा फेस

अप्पा, मावशी आता अंथरुणातून उठत नाही. डॉक्टरांनी तिला घरी न्या म्हणून सांगितलंय, म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. येलवालला तिच्या घरात, पुढच्या खोलीत पडून असते आणि दाराशी कोणी आलं की विचारते, "अक्का आली का?" अक्का म्हणजे आई, तिची थोरली बहीण. आणि आई जात नाही. लष्कर मोहल्ल्यातून येलवाल काय लांब आहे, तुम्ही त्याच रस्त्यावर वर्षानुवर्षं बस चालवली. पण तुम्ही गेल्यापासून सहा वर्षं झाली, आईनं बहिणीच्या घराची पायरी चढलेली नाही. का चढत नाही ते सगळ्यांना माहीत आहे. ते कारण खोटं आहे हे मात्र फक्त मला माहीत आहे, आणि मी ते कुणाला सांगितलेलं नाही. मावशीकडे किती दिवस आहेत कोण जाणे.

मी अजून आखातातच आहे, वाळवंटातल्या त्याच प्लांटवर. इथं जमिनीतून तेलाबरोबर एक वायू वर येतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. पहिल्याच दिवशी सेफ्टीवाल्यानं आम्हाला उभं करून सांगितलं होतं, वास येतोय तोवर शहाण्यासारखं चालत बाहेर पडा, पण येणारा वास अचानक बंद झाला तर पळा. कारण वायू वाढला की आधी तो नाक मारतो. माणसाला वाटतं, चला, हवा साफ झाली. मग तो दोन पावलं टाकतो आणि बसतो. म्हणून इथं मास्क, आणि मास्क गालाला चिकटून बसावा म्हणून रोज सकाळी दाढी. एका दिवसाची खुंटं असली तरी गेटवरनं परत पाठवतात. तिथं एक माणूस उभा असतो, हाताची मागची बाजू आमच्या गालावरनं फिरवतो, बकरं विकत घेणाऱ्यासारखा. नोकरी काय तर पाइपांना रंग देणं, पण गाल साहेबाचे लागतात. इथलं पाणी समुद्राचं, गोड केलेलं, तरी चामडी कोरडी पडते आणि मास्कच्या कडेनं लाल पट्टा उठतो. माझ्या खोलीतला मलयाळी पोरगा सात बाटल्या घेऊन आरशापुढं उभा राहतो, हे धुवायचं, हे चोपडायचं, हे थंडावा द्यायला. मला म्हणतो, "तू तुरटीचा खडा घासतोस, तू माणूस आहेस का पाण्याची टाकी?" मी हसतो. त्याचे गाल सोललेले असतात, माझे नसतात.

कारण मला दाढी तुम्ही शिकवलीत. मी आठवीत शाळा सोडली त्याचा राग तुम्ही चार वर्षं धरलात, नीट बोलतसुद्धा नव्हता. आणि मग एका सकाळी स्वयंपाकघरात, खिडकीच्या गजाला टांगलेल्या त्या आरशासमोर, मला खांद्याला धरून उभं केलंत. आई डोसे टाकत होती. तुम्ही गरम पाण्यात ब्रश भिजवला, साबणाच्या वाटीत गोल गोल फिरवला, माझ्या गालावर फेस चढवला. रेझर हातात दिला तो जुना, दांडा फिरवला की डोकं सुटतं तो, आणि शिकवायला लागलात तर सगळं गाडीच्याच भाषेत. "दाबायचं नाही मगा. वजन त्याचं त्याला आहे, तू फक्त स्टेअरिंग धर. केस जिकडं वळलेत तिकडंच ने. जबड्याजवळ वळण आहे, हळू घे. हनुवटी म्हणजे सर्कल, तिथं घाई केलीस तर ठोकशील." मी घाई केली आणि ठोकलं. मला कळलंच नाही. आई ओरडली तेव्हा खाली बघितलं, बनियनवर लाल ठिपके. तुम्ही म्हणालात, "चांगलं ब्लेड लागलेलं दुखत नाही. दुखत नाही म्हणून लागलं नाही, असं समजू नये. आरशात बघायचं." मग तुरटी, मग सहाणेवर उगाळलेलं चंदन, बोटाच्या टोकानं, फक्त कापलं होतं तिथं. आई म्हणाली, "पोराला काय देवासारखं लावताय!" तुम्ही म्हणालात, "सुम्ने इर. माझ्या पोराचा गाल आहे तो." मला पोरा म्हणायचं तर मगा, गप्प बस म्हणायचं तर सुम्ने इर, तुमच्या तोंडी कन्नडच यायचं.

मी वरच्या ओठाकडे रेझर नेला तसा तुम्ही माझं मनगट धरलंत. घट्ट. "इथं नाही. बाप जिवंत असेपर्यंत मिशी उतरवायची नसते. ती मी गेल्यावर." मला तेव्हा नीट मिशीसुद्धा नव्हती, तरी मी रेझर खाली ठेवला. आपल्यात हे सगळेच मानतात, फौजेतल्या लोकांची घरं आपली, पण तुम्ही ते असं म्हणालात जणू तारीख माहीत आहे.

इथं आल्यावर तिसऱ्या महिन्यात मी मिशी काढली. सगळ्यांना मी कंपनीचा नियम म्हणून सांगितलंय. नियम नव्हता. मास्कची परीक्षा असते, डोक्यावर टोपडं घालून आत कडू फवारा मारतात, कडू लागलं तर मास्क गळतोय. मला कडू लागलं नव्हतं. परीक्षा घेणारा म्हणाला होता, मिशी मास्कच्या आत बसते, राहू दे, दाढी तेवढी नको. तरी मी काढली. खरं सांगू, आरशात बघितलं की तुम्ही दिसत होता. इतक्या लांब आलो, तरी रोज सकाळी साडेचारला तुम्हीच समोर, ओठ मिटून, शाळा का सोडलीस असं बघत. एका सकाळी हात वर गेला आणि दोन फेऱ्यांत झालं. धुतल्यावर खाली जो ओठ निघाला तो कुणाचाच नव्हता. मला फार मोकळं वाटलं, आणि लगेच तुम्ही धरलेलं मनगट आठवलं. तेव्हापासून मी तुमच्याशी व्हिडिओवर बोलायचं टाळलं. कधी रेंज नाही, कधी चार्जिंग नाही. तुम्ही विचारायचा, "तोंड दाखव की रे," मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात.

मग तो शुक्रवार आला. मावशीच्या मुलीचं डोहाळजेवण म्हणून आई येलवालला गेली होती, गुरुवारीच परतायची होती, पण मावशीनं हात धरून ठेवून घेतलं, "थांब गं अक्का, रविवारी जा, भावोजी काय कुकुलं बाळ आहेत?" घरात तुम्ही एकटे. सकाळी तुमचा व्हिडिओ कॉल आला आणि सवयीनं माझं बोट हिरव्यावर पडलं. घाईघाईनं मी टॉवेल नाकापर्यंत गुंडाळला. तुम्ही समोर आलात. स्वयंपाकघरात होता, मागं खिडकी, उजेड स्वच्छ. उजवा गाल तुळतुळीत, नेहमीसारखा. डावा गाल पूर्ण पांढरा. फेस सुकून कानाजवळ तडकलेला, खाली खुंटं तशीच. मिशीसुद्धा उजवीकडे कोरलेली आणि डावीकडे फेसात बुडालेली.

मी म्हटलं, "अप्पा, दाढी चाललीय का? उरकून घ्या, मग लावा."

तुम्ही म्हणालात, "झाली की. केव्हाच झाली." आणि उजव्या गालावरनं हात फिरवलात, खूश होऊन. जणू दुसरा गाल नव्हताच.

तुम्ही जवळ वाकलात. "तोंडाला काय बांधलंयस?"

"सर्दी."

"मिऱ्याचं सार कर. टॉवेल काढ, बघू दे मला."

"अप्पा, ड्यूटीची गाडी आली. ठेवतो." शुक्रवारी आम्हाला सुट्टी असते. तुम्हाला ते माहीत होतं. तुम्ही म्हणालात, "बरं, जा मगा," आणि मी लाल बटण दाबलं.

काय झालंय ते मला कळलं नव्हतं, अप्पा, पण काहीतरी झालंय हे कळलं होतं. खाटेवर बसून राहिलो, फोन हातातच. काका दोन गल्ल्या सोडून राहतो, त्याला फोन केला असता तर पाच मिनिटांत पोचला असता. आईला केला असता तर ती तासाभरात आली असती. पण काका लगेच व्हिडिओ लावणार, आई लावणार, मग तोंड दाखव, मग मिशी कुठाय. मी स्वतःला म्हटलं, म्हातारा माणूस, विसरला असेल, संध्याकाळी बघू. संध्याकाळी म्हटलं उद्या बघू. शनिवारी तुमचा फोन आला नाही, आणि मला हलकं वाटलं. हे मी पहिल्यांदाच लिहितोय. मला हलकं वाटलं.

रविवारी सकाळी दूधवाल्यानं दार ठोकलं, उघडेना म्हणून काकाला बोलावलं. तुम्ही मोरीजवळ पडला होता, श्वास चालू होता. इस्पितळात डॉक्टर म्हणाले मेंदूला झटका आलाय, हा मोठा, पण एक लहान त्याआधी येऊन गेला असणार. आईला त्यांनी तुमचा गाल दाखवला. एकीकडची खुंटं जास्त दिवसांची होती, एकीकडची कमी. अशा झटक्यात माणसाला स्वतःची एक बाजू असल्याचंच कळत नाही, म्हणाले. "घरात कुणीच बघितलं नाही का? तेव्हा आणलं असतं तर वेळ होता." आई उभ्या जागी भिंतीला टेकली, असं काकानं नंतर सांगितलं. मंगळवारी तुम्ही गेलात. मी बुधवारी पोचलो.

श्रीरंगपट्टणच्या घाटावर न्हाव्यानं माझं डोकं केलं, मग हनुवटी वर उचलली आणि थांबला. बाप गेल्यावर मिशी उतरवतात, आणि उतरवायला काही नव्हतंच. काका बघत होता. सगळ्यांसमोर म्हणाला, "याचं आधीच उरकलंय की! बाप चालता-बोलता असताना सुतक धरलंस होय रे? मग तो कसा राहील?" न्हाव्यानं रीत म्हणून मोकळ्या ओठावरनं ओला वस्तरा नुसता फिरवला, गार लागला. मी म्हणालो, कंपनीचा नियम आहे. घरी आल्यावर आई काकाला म्हणाली, "पोटासाठी केलं त्यानं, त्याला बोलू नका. चूक माझी आहे. मी घरी असते तर सकाळी चहा देतानाच मला तो गाल दिसला असता." मी तिथंच बसलो होतो, तिच्यापासून हातभर अंतरावर. मला वाटलं, आता सांगावं. मग वाटलं, तेरावा होऊ दे.

त्या दिवसापासून आई मावशीशी बोललेली नाही. तिनं हात धरून ठेवून घेतलं म्हणून तुम्ही गेलात, असा तिचा हिशोब बसलाय आणि तो हलत नाही. मावशी दोनदा दारात आली होती, आईनं आतून कडी काढली नाही. कुणी समजवायला गेलं की एवढंच म्हणते, "त्या शुक्रवारी त्यांना कुणीच बघितलं नाही." मी दर सकाळी आरशापुढं डावा गाल आधी करतो, मग उजवा, मग दोन्ही हातांनी दोन्ही बाजू चाचपतो. मलयाळी विचारतो, "काय शोधतोस?" गेल्या महिन्यात टाकीजवळ सडका वास येत होता तो एकदम गेला, बाकीचे पळाले, मी क्षणभर तसाच उभा राहिलो. का ते ठाऊक नाही. एकानं कॉलर धरून ओढलं.

काल आईला फोन केला. म्हटलं, "मावशी विचारते गं तुला. जाऊन ये ना."

"कुठल्या तोंडानं जाऊ? आणि तिला बघून मला काय आठवेल ते तुला माहीत नाही."

"आई, त्या शुक्रवारी अप्पांचा मला फोन आला होता."

कुकरची शिट्टी झाली, तिनं गॅस बंद केल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "व्हिडिओ होता?"

"हं."

"कसे दिसत होते रे?"

सहा वर्षं ज्याची वाट बघत होतो तो प्रश्न तिनं स्वतःहून विचारला होता. एक वाक्य बोलायचं होतं. ते ऐकून तिनं माझं तोंड पुन्हा बघितलं नसतं कदाचित, पण संध्याकाळच्या बसनं ती येलवालला गेली असती.

"रेंज नव्हती, आई," मी म्हणालो. "चित्र हलत होतं. नीट दिसलं नाही."

"मग तुझा काय दोष," आई म्हणाली, आणि जेवलास का विचारलं.

अप्पा, रेंज चांगली होती. आज सुट्टी, खोलीत कुणी नाही, कागद घेऊन बसलो तो तिलाच लिहायला. वर आधी "आई" लिहिलं होतं. ते खोडलं आणि तुमचं नाव घातलं.