वाचून दाखवलं, समजलं

रविवार, ९ मार्च. सकाळी पारोळ्यात शाळेच्या हॉलमध्ये ग्राहकांची सभा झाली. दुपारी दुकान उघडून एक निवेदन सरकारच्या साइटवर चढवलं. जेवण झालेलं नाही. ऊन आत्तापासूनच कडक आहे.

नाना, तुम्हाला जाऊन सहा वर्षं होतील. तहसीलसमोर ज्या निंबाखाली टेबल टाकून तुम्ही लोकांचे अर्ज लिहायचात, त्याच्या समोरच्या गाळ्यात माझं दुकान आहे. मोबाइल विकतो, ऑनलाइन फॉर्म भरून देतो. म्हातारी माणसं अजून विचारतात, नानांचा मुलगा का, आणि मग निर्धास्त होऊन फोन माझ्या हातात देतात. मी तो सुरू करून देतो. प्रत्येक फोनवर एक लांबलचक मजकूर येतो आणि खाली ‘सहमत’ असं बटण असतं. ते मी दाबतो. इतक्या वर्षांत किती जणांच्या वतीने दाबलं ते मला सांगता येणार नाही.

तुमचं काम असं नव्हतं. मजकूर लिहून झाला की तुम्ही तो समोरच्याला सावकाश वाचून दाखवायचात आणि मग म्हणायचात, “आते तू सांग, यामा काय शे.” त्याने आपल्या शब्दांत सांगितलं, तरच शाईचा पॅड पुढे सरकायचा. रांगेतली माणसं कुरकुरायची, एसटी चुकेल म्हणायची. बी.कॉम. होऊन नोकरी शोधत होतो तेव्हा मी वर्षभर तुमच्या शेजारी बसायचो. एकदा तुम्ही चहाला गेलात आणि गर्दी कमी व्हावी म्हणून मी एका म्हाताऱ्याचा अंगठा न वाचताच घेतला. परत आल्यावर तुम्ही तो स्टॅम्पपेपर माझ्यासमोर फाडलात. “अंगठा त्यान्हा शे. तू कोन लेनारा?” एवढंच बोललात आणि नवा कागद घेऊन पहिल्यापासून लिहायला बसलात. मी तिथेच उभा होतो, सगळे बघत होते. पुढे दुकान काढलं तेव्हा तुम्ही तोच पॅड मला दिलात. मी तो खणात ठेवला.

आजच्या सभेला जळगावहून ग्राहक मंडळाचे लोक आले होते. मोठमोठ्या कंपन्यांचे फोन, त्यांची अ‍ॅप, आणि सरकारने त्यांना कसं आवरावं, यावर त्यांना गावातल्या लोकांचं मत हवं होतं. बियाण्यांचे दुकानदार म्हणाले, घरात पंपाचा विषय काढला की फोनवर पंपाच्या जाहिराती सुरू होतात. निवृत्त गुरुजींना कडक कायदा हवा होता. त्यावर मागून कोणीतरी म्हणालं की सगळी माहिती सरकारकडे दिली तर ते काय ती देव्हाऱ्यात ठेवणार आहे का, आणि हॉल हसला. कॉलेजची एक मुलगी मात्र म्हणाली की ती फोनवर फुकट शिकते म्हणूनच इथवर आली, बंद काही करू नका. मग मला उठवलं. मी म्हणालो, या कंपन्या गरीब माणसाला काहीही समजावून न सांगता त्याची संमती घेतात, हे सरकारने थांबवलं पाहिजे. टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं, नाना.

तेवढ्यात एक अक्का उठल्या. त्यांचा मुलगा रावेरला केळीच्या ट्रकवर आहे. त्याचा चेहरा दिसावा म्हणून दिवाळीत त्यांनी माझ्याकडून फोन घेतला होता. त्यांनी शांतपणे विचारलं, “भाऊ, मन्हा फोनवर ते तूच दाबं ना? माले वाची दखाडं व्हतं का?”

मी हसलो. म्हणालो, अक्का, ते सगळेच दाबतात. लोकही हसले. अक्का हसल्या नाहीत.

सभेचं निवेदन मीच लिहिलं, माझं अक्षर चांगलं म्हणून. अंगठ्यांसाठी तुमचा पॅड नेला होता. अक्कांनी अंगठा पदराखालून बाहेर काढला नाही, आधी वाचून दाखव म्हणाल्या. मी वाचलं. त्यांनी ते जसंच्या तसं मला परत सांगितलं, तुमच्याकडे शिकल्यासारखं. नंतर म्हणाल्या, “यामा आखो एक लिख. दुकानवाला बी न वाचता दाबस.” मी मान डोलावली. पेन टेकवून खाली काहीतरी लिहिल्यासारखं केलं आणि तारीख घातली. “लिखं का?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी अंगठा दिला.

दुपारी ते निवेदन तसंच चढवलं. कंपन्यांवर नऊ ओळी आहेत. दुकानदारावर एकही नाही.

अक्कांना मला दुसऱ्यांदा वाचायला लावता आलं असतं. त्यांनी लावलं नाही. तेव्हापासून मला आपलं स्वयंपाकघर आठवतंय. मी तुमच्यासाठी नवा फोन आणलाय, आई कळण्याची भाकरी थापतेय आणि तुम्ही पाटावर बसून चष्मा शोधताय. स्क्रीनभर बारीक अक्षरं आहेत. चष्मा सापडायच्या आत मी बटण दाबून टाकतो. तुम्ही विचारता, “बठ्ठं वाचं ना?” मी म्हणतो, हो नाना, सगळं वाचलं. आयुष्यभर तुम्ही प्रत्येकाला विचारलंत, आता तू सांग यात काय आहे. मला विचारलं नाहीत. फोन खिशात ठेवलात आणि जेवायला बसलात.

मी एक ओळही वाचली नव्हती.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. सभेतून आल्यापासून पॅड काउंटरवर उघडाच राहिला होता, सुकलाय. त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले, बोटाने पसरवले आणि झाकण लावलं.