शालूचा लाल आणि अब्बांचा चेहरा

गुरुवार, दिवेलागण

आज उमरग्यात लॅपटॉप बघायला गेले आणि अब्बांना नको ते बोलून आले.

चकचकीत स्क्रीनवाला बघताक्षणी आवडला. मी लग्नाचे अल्बम बनवते, मला रंग महत्त्वाचा. सोबत नेलेला एक अल्बम त्यावर उघडला, नवरीच्या शालूचा लाल त्यात काय उठला! "हाच द्या," म्हणून टाकलं. तेवढ्यात अब्बा म्हणाले, "बाहेर आण, उन्हात बघू."

त्यांनी जन्मभर साड्या विकल्या. गिऱ्हाईक साडी उंबऱ्याबाहेर नेऊनच पसंत करायचं. पण दुकानदार हसला आणि मला लाज वाटली. "अब्बा, हे कापड हाय का? तुम्हाला यातलं काय कळतंय?"

तरी त्यांनी लॅपटॉप दुकानाच्या पायरीवर नेला. उन्हात शालू न्हाय, नवरी न्हाय. काचेत नुसता माझा चेहरा, आणि मागं अब्बांचा, उतरलेला. माझ्या गाळ्यात तर दुपारभर ऊन थेट टेबलावर येतं. मला कसं सुचलं न्हाय?

दुसऱ्या लॅपटॉपचा स्क्रीन मॅट, न चमकणारा. रंग फिका, पण उन्हात दिसत होता. त्याला टीव्हीची केबल खोचायचा एचडीएमआय पोर्टही हाय, पहिल्याला न्हाय. आणि गिऱ्हाईकाला मी अल्बम टीव्हीवर दाखवते! तरी मन लालवरच अडलेलं. उद्या सांगते म्हणून निघाले.

बसनं घरी आलो. काचेतला तो चेहरा डोळ्यांपुढून हलत न्हाय. माफी मागू? कशी?

हे लिहितानाच ते दारात आले. हातात टीव्हीची केबल, नीट गुंडाळलेली.

"उद्या ही खोचून बघ. आन् ऊन असतानाच जाऊ."