नात अर्धलीनं देणे

तीर्थरूप वन्सं बाळाबाई यांस,

सारजाचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळं निम्मंच वाकले हाय, बाकीचा निम्मा तुमी धरून चाला.)

तुमचे गुडघे कसे हायेत? भोरच्या डाक्टरनं दिलेल्या गोळ्या खाता, का देव्हाऱ्यात ठेवून दिल्यात? हितं वस्तीवर माणसं बरी हायेत आन् जनावरं माणसांपेक्षा बरी हायेत. दत्ता खोकतो पण तंबाकू सोडत न्हाई, तवा माझ्या लेकाची चौकशी करू नका. तुमी म्हणाल, मोबाईल असताना ही बाई पत्र कशाला खरडत बसली. तर वन्सं, फोनवर तुमी बोलता आन् मी हूं हूं करते, आन् मी तोंड उघडलं की नेमकं तुमचं दूध उतू जातं. कागदाचं तसं न्हाई, त्याच्या मधे तोंड घालता येत न्हाई. चौथीपातुरच्या शाळेचा मला एवढा तरी उपयोग व्हावा.

विषय धनश्रीचा हाय. दत्ताची थोरली बारावी झाली, चांगल्या मार्कांनी झाली, आन् आता तिला राज्यशास्त्र घेऊन बीए करायचंय. दत्ता म्हणाला, परवडंल असं कॉलेज मिळालं तर शीक, न्हाईतर दिवाळी झाली की पाहुणे बघायला येतील. (पाहुणे कोण ते मला ठाऊक हाय. मुलाकडं म्हसरं हायेत आन् एक बुलेट हाय, आन् त्यो म्हसरांपेक्षा बुलेटला जास्त धुतो.) मंग मी म्हणाले, कॉलेज मी बघते. आपल्या घरात शेळी मीच बघून घेते हे तुमाला म्हाईत हाय. तुमचे भाऊ बाजारात विकणाऱ्याच्या गोड बोलण्याला भुलायचे आन् वांझ शेळीला हार घालून घरी आणायचे. मी विकणाऱ्याच्या तोंडाकडं बघतच न्हाई. त्याच्या गोठ्यात जाते, पाणी कुठलं पाजतो ते बघते, आन् मागल्या वर्साची करडं दाव म्हणते. कॉलेजाला दुसरा कायदा कशाला लावायचा?

पहिलं बघितलं पुण्यातलं. दत्ताच्या दोस्ताच्या टेम्पोत आमी तिघं गेलो. सगळी इमारत काचेची, आतलं माणूस भायेर दिसतं आन् भायेरचं आत, गोठ्याला अशी भिंत असली तर बिबट्याची लई सोय होईल. गळ्यात पट्टा घातलेल्या एका पोरानं आमाला गार खुर्चीत बसवलं, वीतभर पाण्याची बाटली दिली, आन् तिसऱ्या वर्षी पोरांना परदेश बघायला नेतात असं सांगितलं. मी म्हणाले ते राहू द्या, मागल्या वर्षी शिकून गेलेली पोरं दावा. त्यानं भिंतीवरचा फोटो दावला. सगळी दात काढून हसत होती. मी म्हणाले, बाबा, फोटोतल्या शेळीचं दूध कुणी काढलंय? दत्तानं माझ्या लुगड्याचा पदर ओढला. मंग फी कळली. आमचा सगळा कळप विकला तर पहिलं वर्ष निघतं आन् दुसऱ्या वर्षाला कुत्रं विकावं लागतं. पाणी मात्र आमी पिऊन घेतलं.

घरी आलो तर मार्गासनीचा रोहिदास येऊन बसलेला. त्याचं झेरॉक्सचं दुकान हाय आन् जगातल्या सगळ्या अडचणींवर त्याच्याकडं उपाय असतो. तो म्हणाला, कशाला हिंडता, मोबाईलवर डिग्री घरबसल्या होते. आता घर कुठं हाय आन् रेंज कुठंय ते तुमाला म्हाईत हाय. रेंज येते ती पाणवठ्याच्या वरल्या खडकावर. चार-पाच दिवस पोरीनं खडकावर बसून फुकटचे तास ऐकून बघितले. मास्तर तोंड उघडं ठेवून मधेच थिजायचा, आन् पोरीनं मान वर करीस्तोवर शेळ्या चिमाजीच्या नाचणीत. चिमाजी भांडायला आला, त्याचा तास मात्र अडखळत न्हाई. मंग रोहिदास हळूच म्हणाला, एक वळखीचा हाय, तास ऐकायची गरज न्हाई, थेट कागदच आणून देतो. मी काही बोलायच्या आत धनश्रीच म्हणाली, काका, कागद तर तुमच्या दुकानातबी निघतो. पोरगी कुणावर गेली कुणास ठाऊक. (तुमच्यावर.)

शेवटी बघितलं ते तुमच्या भोरचं. (व्हय, भोरला आले होते आन् तुमच्याकडं आले न्हाई. राग खाली ठिवा, कारण पुढं येतंय.) साधं कॉलेज हाय. फीला पोरींना सवलत हाय, सवलतीतनं जे उरतं ते दत्ताच्या तंबाकूपेक्षा कमी. आता स्वस्त शेळी दिसली की माझी छाती धडधडते. म्हणून तिथल्या सरांना मी सरळच विचारलं, हे शिकून पोरीला काय मिळंल? सर पिकल्या केसांचे, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. त्यांनी हातातल्या पेनाला टोपण लावलं. मंग म्हणाले, "आजी, कुणी वकील होतं, कुणी परीक्षा देऊन सरकारी नोकरीत जातं, कुणी मास्तर होतं. आणि काही पोरं शिकून घरी जातात, त्यांना काहीच मिळत नाही. तीही माझीच पोरं आहेत."

वन्सं, एवढ्या वर्सात बाजारात मला एकच माणूस असा भेटला होता, ज्यानं पैसे घ्यायच्या आधी शेळीचा आटलेला सड स्वतःहून दावला. ती शेळी मी घेतली आन् ती नऊ वेत व्याली. म्हणून कॉलेज तिथंच ठरलं असं मी मनात म्हणाले. पण सरांचं अजून झालं न्हवतं. ते धनश्रीकडं वळले आन् त्यांनी विचारलं की राज्यशास्त्रच का. मला वाटलं ही लाजंल, नखं खाईल. तर ती म्हणाली, "आमच्या डोंगरावर दर उन्हाळ्यात वनखात्याचा माणूस येतो आन् म्हणतो या बाजूला चराई बंद, असा नियम हाय. सगळे शेळ्या वळवतात. नियम कुणी केला आन् तो कुठं बसतो, ते वस्तीत कुणालाच सांगता येत न्हाई. मला ते बघायचंय."

लहान असताना तिनं हेच मला विचारलं होतं. मी म्हणाले होते, बडबड बास, शेळ्या हाक. दुसरं काय म्हणणार? पाऊस येतो, बिबट्या येतो, तसा नियम येतो असं मी जन्मभर धरून चालले. त्याच्या मागं एखादा माणूस खुर्चीवर बसलेला असंल, त्याला चहा लागत असंल, त्याचंबी कधी चुकत असंल, हे कधी डोक्यात आलंच न्हाई. यष्टीत बसल्यावर सगळ्या वाटेनं मी त्या खुर्चीचाच इचार करत होते. खुर्ची लाकडी का गादीची, एवढं तरी पोरीनं येऊन सांगावं. (दत्ता शेजारी झोपला होता. त्याच्यावर नियमाचा काही परिणाम दिसला न्हाई.)

तर कॉलेज मिळालं. बारीक अडचण एवढीच की वस्तीवरनं उतरून वेल्हे, तिथनं नसरापूर, तिथं यष्टी बदलून भोर, असं करता करता पहिले दोन तास बुडतात, आन् परतीच्या गाडीसाठी शेवटचा बुडतो. होस्टेल भरलंय. धनश्री म्हणते रोज जाऊन येऊन करीन. नव्या वासराची उडी हाय ती, पावसाळा संपेस्तोवर टिकंल. मंग दिवाळी, मंग बुलेट. पण ते आमचं आमी बघू. तुमाला तोशीस द्यायला हे पत्र न्हाई. तुमचं मागणं काही असलं तर कळवा, आमचं काहीच न्हाई.

तुमची भावजय,
सारजा

ता. क. : भावजींनी भाटघर धरणाच्या नोकरीत असताना बांधलेल्या तुमच्या घरातली तुमच्या लेकाची, कुमारची खोली मोकळी हाय असं ऐकलं. आनंदरावाचा पोरगा इंद्रजित राहून गेल्यावर तुमी म्हणाला होता की आता या घरात कुणाचं पोर ठेवणार न्हाई. तुमचं बरोबरच होतं, त्यो सगळं गरम पाणी एकटा संपवायचा. म्हणूनच मी भोरला आले तवा तुमच्याकडं आले न्हाई. तोंडावर विचारलं असतं तर मी बसायच्या आत तुमी न्हाई म्हणाला असता, आन् एकदा न्हाई म्हणालात की देव आला तरी तुमी फिरत न्हाई. फुकट ठिवा असं मी म्हणतच न्हाई. पोरगी अर्धलीनं घ्या. (भोरच्या नळाचं पाणी पिऊन विसरला असाल म्हणून सांगते, शेळी मालकाचीच राहते, सांभाळणारा तिला सांभाळतो, आन् जी करडं होतील ती निम्मी-निम्मी.) पोरगी माझी. शिकून जे येईल त्यातलं निम्मं तुमचं. काहीच आलं न्हाई तर त्यातलंबी निम्मं तुमचं, सरांनी आधीच सांगितलंय. तोवर तुमच्या गोळ्या वेळेवर पोटात जातील, आन् भांडायला घरात माणूस असंल. मांजराशी भांडून तुमची धार जायला लागलीय.

दुसरी ता. क. : हे पत्र घेऊन धनश्रीच आलीय. उंबऱ्यात उभी असंल. कॉलेजात कागद द्यायला आली आन् जाता जाता आत्याआजीला तांदूळ पोचवायचेत, एवढंच तिला ठाऊक हाय. पिशवीत वर आंबेमोहर हाय, वेगळा बांधलेला. खाली तिचे कपडे, पांघरूण आन् वह्या हायेत. रात्री मी भरल्यात. तांदळाच्या पिशवीत कोण वाकून बघतंय?

न्हाई म्हणायचं असलं तर काही बोलू नका. चहा द्या, तांदूळ तुमीच काढून घ्या, पिशवीचं तोंड पुन्हा बांधा (हितं ती मीच सोडीन) आन् संध्याकाळच्या यष्टीला लावून द्या. मी विचारलं होतं हे तिला कधी कळायचं न्हाई.

व्हय म्हणायचं असलं तरी जास्ती बोलू नका, ती रडंल आन् तुमाला ते सोसायचं न्हाई. नुसतं म्हणा, पिशवी आतल्या खोलीत नेऊन ठेव.