पायाशी उभं राहून

ता. ४ मार्च

भाऊ,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी ऐकून घे. आपल्या माजी सैनिकांच्या दवाखान्याचा इतिहास लिहिलास, कच्ची पानं मी दोन दिवस अडखळत वाचली. इमारत कुणी बांधली, फीत कुणी कापली, सगळं आहे. दारातल्या तोफेवर तर आख्खं पान. त्या तोफेनं कधी कुणाला पाणी पाजलंय का?

आणि दवाखान्याचं नाव ज्यानं झालं, त्याचा पत्ताच नाही. इथे झोपलेल्याला कुणी हात लावून उठवत नाही. पायाशी उभं राहायचं, लांबूनच म्हणायचं, “सकाळ झाली, आपल्या माणसांत आहात.” मगच जवळ जायचं. लढून आलेला माणूस झोपेतही लढत असतो. नवा डॉक्टर आला की पहिल्या दिवशी आम्ही वॉर्डातल्या आया त्याला हेच सांगतो. ही रीत आपल्या आईनं घातली, इथे नर्स असताना. तोफ आठवली आणि आई नाही?

कळव काय ते.

तुझी ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचेपर्यंत माझा चहा गार आणि कान गरम झाले. आई विसरलो नाही गं. पहिलं प्रकरण तिचंच होतं. मागच्या खेपेला वॉर्डात बाबांच्या उशाशी बसून वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, हे पान काढ. आई नर्स होती तेव्हा तेच तिथे जखमी होऊन पडले होते. आईनं खांदा हलवून उठवलं, यांनी झोपेतच ठोसा मारला, तिचा दात पडला. त्यातूनच ही रीत निघाली आणि पुढे त्यांचं लग्नही. पण बाबांचं म्हणणं, फौजेत नाव कमावलं ते बाईवर हात उचलला म्हणून छापून घ्यायला नाही. या वयात त्यांचा शब्द कसा मोडू?

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा भाऊ

ता. १३ मार्च

भाऊ,

तुझं पत्र घेऊन तडक वॉर्डात गेले. बाबा झोपले होते. पायाशी उभी राहिले, म्हटलं, दुपार झाली, आपल्या माणसांत आहात. डोळे उघडून म्हणाले, अगदी तिच्यासारखं म्हणतेस.

मग मी सोडलं नाही. म्हटलं, आईनं तो दात जन्मभर बसवून घेतला नाही. नव्या नर्सना तोंड उघडून फट दाखवायची आणि सांगायची, हे माझं पदक. तिनं मिरवलं ते तुम्ही लपवणार? भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला वाटलं, झोपले. मी उठले तर मागून म्हणाले, “वरचा होता, डावीकडचा. लिहायचं तर नीट लिहा म्हणावं त्याला.”

तेव्हा नीट लिही. जागा नसली तर तोफ काढ. शुक्रवारी छापायला जाणार ना? गुरुवारच्या आत ते पान माझ्या हातात पडू दे, बाबांना मीच वाचून दाखवणार. आशीर्वाद आहेतच. पण गुरुवारी उत्तर नाही आलं, तर मी तुझ्या दारी येईन, आणि पायाशी उभी राहणार नाही.

तुझी ताई