रोटरीच्या सायलेन्सरमध्ये तू काय भरलं होतंस, दादा?

प्रिय दादा,

तू गेल्यापासून तुला लिहावंसं खूपदा वाटलं, पण लिहायला बसवलं ते एका भांडणानं. हिंगण्याच्या आपल्या गॅरेजमध्ये तुझ्या नावावरून भांडण झालं, आणि उत्तर द्यायला तू नाहीस!

देशकर काकांची जुनी जपानी गाडी आठवते ना? पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणारं रोटरी इंजिन. तिचा सायलेन्सर म्हणजे तुझं शेवटचं काम. परवा काका आले ते सगळी गल्ली दणाणून सोडत. उतरता उतरताच म्हणाले, "तुह्या भावानं हलका माल भरला. फसवलं मले."

मी सायलेन्सर कापला. आत काचेच्या लोकरीचे वितळलेले गोळे! तूच शिकवलं होतंस, "रोटरीचा धूर भलताच गरम असते वं. काचेची लोकर टिकत नाही. जाळीच्या नळीवर आधी स्टीलची लोकर गुंडाळायची, मग बसाल्ट दगडाची." मग ही काच आली कुठून?

पहिला संशय विलासवर गेला. तुझा भागीदार, माल तोच आणायचा. सगळ्यांसमोर विचारलं, "बसाल्ट सांगून काच आणली का?"

"मले काहून विचारून राहिली वं? माल मी आणला, भरला तुह्या भावानं." पाना ठेवून तो निघून गेला. फोनही उचलत नाही.

मग तुझाही संशय आला, दादा. शेवटी तुला धड उभं राहवत नव्हतं. हाताला लागेल ते भरलंस का? दुखतंय म्हणून एकदा तरी का नाही सांगितलंस? किती लपवायचास रे!

काल सायलेन्सरचा तो डबा पुन्हा उन्हात नेऊन पाहिला. झाकणाचं वेल्डिंग ओबडधोबड, मध्ये भोकं. तुझ्या हातचं असं कधीच नसायचं! खाली जुनं वेल्डिंग घासून काढल्याच्या खुणाही होत्या.

"काका, मधे कोणी उघडलं होतं?"

आधी नाही म्हणाले. मग चष्मा पुसत बसले. "आवाज दबलेला वाटे. एकाकडून जरा मोकळा करून घेतला."

"आणि आतला माल?"

"त्यानंच बदलला असन. मले काय माहीत?"

तुला फसवा म्हणताना मात्र सगळं माहीत होतं!

नवा माल नागपुरात महालच्या बाजारातून आणला. दोन गठ्ठे दाखवून दुकानदार बसाल्टच असल्याच्या शपथा घेत होता, तरी दोन्हींतली लोकर गॅसच्या ज्योतीवर धरली. एक लगेच गळायला लागली. तो गठ्ठा परत केला. दुसरी लाल झाली, पण तशीच राहिली. तीच भरली. आता गाडी खालच्या, भरीव आवाजात चालते.

पण विलास आलेला नाही. दादा, उद्या सकाळी मी त्याच्या घरी जाते. सगळ्यांसमोर बोलले होते, तर माफीही त्याच्या घरच्यांसमोर मागेन. दार उघडलं नाही, तर परवा पुन्हा जाईन. तो येईपर्यंत जात राहीन.

तुझी,
सुनंदा